चिखलातील गोधन



धानाच्या बांधीत रोवणीपूर्वी गुडघाभर चिखल होतो. अवजड, देखणा बैल तेथे पाय रुतून अडकतो. आटोपशीर बांध्याचा गावरान बैल औत ओढत राहतो. गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील ‘कठाणी’ गाय ही अशा बैलांची माता. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केल्याचे २०२३ च्या आरंभी जाहीर झाले. पिढ्यान्‌पिढ्या जिच्या वंशाने धान पिकविला, तिला कागदावर नाव मिळण्यास इतका काळ लागला!

ही गाय दूध कमी देते. म्हणून केवळ लिटरच्या मापाने तिला मोजणाऱ्यांनी ती निरुपयोगी ठरविली, आणि संकराच्या लाटेत तिचा वंश विरळ होत गेला. तिचे खरे दान गोऱ्ह्यात आहे, हे विसरले गेले.

गाय सुमारे नऊ महिने नऊ दिवस गाभण असते. गर्भात असताना वासराला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात. आतड्यांची ती शोषून घेण्याची शक्ती जन्मानंतर चोवीस तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच वासराच्या पोटात चीक गेला पाहिजे. कमी दुधाच्या गाईचा खरवस ज्या घरी आवडीने खाल्ला जातो, तेथे वासराचा वाटा आधी निघाला होता काय, याची चौकशी गृहिणीने जरूर करावी.

गोऱ्हा खच्ची केला की बैल, राखला तर वळू. येथेच मोठी हेळसांड होते. चांगले गोऱ्हे औतासाठी खच्ची होतात आणि गावात उरतो तो कोणीही न निवडलेला, मोकाट वळू. पूर्वी वृषोत्सर्गात उत्तम लक्षणांचा वृषभ सोडण्याचा दंडक होता. तो धर्म तर होताच, पण वंशशुद्धीची व्यवस्थाही होती. गावरान कालवड साधारण तीन-साडेतीन वर्षांत माजावर येते. तोवर तोच वळू गावात राहिला तर बाप-लेकीचा संकर होतो आणि पुढची पिढी खुजी व दुबळी निपजते.

१९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी आली. वळू आणि बैल यांना ते संरक्षण २०१५ च्या दुरुस्तीने मिळाले. परंतु कायदा वळू निवडीत नाही आणि गोठ्यात वैरणही टाकीत नाही. तान्ह्या पोळ्याला विदर्भातील मुले लाकडी बैल सजवून मिरवितात. त्याच गावात कठाणीचा एक जातिवंत गोऱ्हा खच्ची न करता राखावा, त्याच्या वैरणीचा भार चार-पाच घरांनी वाटून घ्यावा आणि तीन वर्षे भरण्यापूर्वी शेजारच्या गावाशी त्याची अदलाबदल करावी. आमगाव, देवरी, सालेकसा या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी येत्या पोळ्यापूर्वी आपापल्या गावातील गोऱ्ह्यांची यादी तरी करावी.