जाळं कोण ओढतं, हे आधी विचारा

(मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘पर्यावरणाचं संशोधन आणि लोकांशी संवाद’ असा विषय दिला आहे. विषय सरकारी परिपत्रकासारखा वाटतो, म्हणून माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते.

अबुधाबीच्या उथळ समुद्रात सुमारे ३,००० डुगाँग, म्हणजे समुद्रगाई, आहेत. ऑस्ट्रेलियाखालोखाल जगातली सर्वांत मोठी संख्या इथली. हा प्राणी समुद्रातलं गवत खातो, पण श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. जाळ्यात अडकला की गुदमरून मरतो. मादीला काही वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं, त्यामुळे थोडे मृत्यूही महागात पडतात. जिवंत डुगाँग विमानातून मोजता येतात, पण जाळ्यात किती मेले हे मासेमारी करणाऱ्यांनाच ठाऊक असतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पाहणीत मी होते. प्रश्नावली अरबीत आणि इंग्रजीत छापलेली. इथे होडीचा परवाना स्थानिक नागरिकाच्या नावावर असतो, म्हणून आम्ही होडीमालकांना भेटलो. खजूर, कॉफी, उत्तम पाहुणचार झाला. ‘वर्षभरात किती डुगाँग अडकले?’ या प्रश्नाला जवळजवळ सगळीकडे उत्तर मिळालं, शून्य. आम्ही तक्ते भरले आणि समाधानानं परतलो.

पुढे एका संध्याकाळी धक्क्यावर मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते. जवळच जाळं दुरुस्त करत बसलेला एक खलाशी हसला. उमरगावकडचा होता. गप्पा निघाल्या. मी पाहणीबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, कागद तुम्ही अरबाबाला दिला. जाळं तर आम्ही ओढतो.” थोड्या वेळानं त्यानं हळूच सांगितलं की मेलेला डुगाँग त्यानं दोनदा जाळ्यातून सोडवून पाण्यात ढकलला होता. “बोललो असतो तर व्हिसा गेला असता.”

म्हणजे आमचं ते शून्य खोटं होतं. कोणी लबाडी केली नव्हती. ज्याला माहीत होतं त्याला आम्ही विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याला खरं सांगणं परवडणारं नव्हतं. पुढची फेरी आम्ही हिंदी, बंगाली आणि मल्याळममध्ये घेतली, मालक नसताना, कोणाचंही नाव किंवा होडीचा क्रमांक न लिहिता. तेव्हा कुठे शून्याच्या जागी आकडे यायला लागले.

ही झाली विचारण्यातली चूक. सांगण्यात चूक झाली तर काय होतं, ते आपल्या सह्याद्रीनं पाहिलं आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालची पश्चिम घाट समिती २०१० साली नेमली गेली. तिनं ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. कुठे किती संरक्षण हवं याचा आराखडा त्यात होता, पण अंतिम निर्णय ग्रामसभांशी चर्चा करून व्हावा हे त्याचं सूत्र होतं. सिंधुदुर्गातल्या पंचवीसेक ग्रामसभांनी तर आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव स्वतःहून केले होते. पण मंत्रालयानं अहवाल दाबून ठेवला. माहितीच्या अधिकाराखाली लढाई झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०१२ मध्ये अहवाल खुला झाला. तो इंग्रजीत, शेकडो पानांचा. गावात मात्र आधीच पोचली होती ती अफवा: शेती बंद होणार, घरं उठवणार. त्यानंतर कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये केरळच्या डोंगरी जिल्ह्यांत लोक रस्त्यावर उतरले. लोकांना निसर्ग नको होता असं मी मानत नाही. त्यांच्या भाषेत, वेळेवर, समोर बसून कोणी सांगितलंच नाही.

म्हणून संवादाची योजना संशोधनाच्या शेवटी जोडायचं परिशिष्ट नव्हे. ती पहिल्या दिवशी लिहायला हवी, आणि तिच्यात निदान चार प्रश्नांची उत्तरं हवीत.

१) माहिती कोणाकडे आहे, निर्णय कोणाचा आहे आणि नुकसान कोणाचं होणार? ही बहुधा तीन वेगळी माणसं असतात.
२) त्यांची भाषा कोणती, आणि त्यांना वाचता येतं का?
३) खरं बोलल्यानं त्यांचं काय बिघडेल, आणि ते बिघडू नये म्हणून आपण काय करणार?
४) निष्कर्ष त्यांच्यापर्यंत कधी आणि कसे परत जाणार?

आता तुम्ही म्हणाल, याला वेळ आणि पैसा लागतो. लागतोच. म्हणून तो अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरायचा.

आपल्यापैकी अनेकजण इथे तेल, बांधकाम, बंदरं, सल्लागार कंपन्या अशा ठिकाणी जबाबदारीच्या जागी आहेत. पर्यावरणीय परिणामांचे अहवाल तुमच्या टेबलावरून जातात. त्यात ‘संबंधित घटकांशी चर्चा केली’ असं एक वाक्य असतं. यापुढे ते वाक्य दिसलं की थांबा आणि विचारा: कोणाशी, कोणत्या भाषेत, मालक समोर असताना की नसताना? आपण स्वतः परक्या देशात राहतो. व्हिसाची भीती काय असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. खलाशाची भीती आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार?

तो खलाशी मला भेटला तो योगायोगानं, आईचा फोन आला म्हणून. संशोधन असं योगायोगावर सोडता येत नाही.

आता तुमचे प्रश्न ऐकायला आवडेल.