निवृत्तीनंतरचा संसार

नाशिकरोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस पोस्टाच्या तिकिटांसाठीं आणि मुद्रांकांसाठीं सर्व देशांत ठाऊक आहे. १९२५ सालापासून तेथें छपाई होत आली आहे. परंतु राष्ट्रीय बचतपत्रेंही पुष्कळ वर्षें तेथेंच छापलीं जात असत, ही गोष्ट थोड्यांच्याच लक्षांत असेल. लक्षावधि कुटुंबांच्या उतारवयाची तरतूद ज्या गांवीं कागदावर उमटत असे, त्या गांवच्या संसारांत ती तरतूद कितपत होते, हा प्रश्न साहजिकच मनांत येतो. २०१६ सालीं छापील बचतपत्रें बंद झालीं आणि त्यांची जागा पासबुकानें व संगणकांतील नोंदीनें घेतली. कागद गेला, गरज मात्र वाढली आहे.

ती कां वाढली, हें थोडक्यांत पाहणें इष्ट आहे. पूर्वीं सरकारी नोकरीस लोक ‘पेन्शनची नोकरी’ म्हणत आणि मुलीला स्थळ पाहतांना त्या दोन शब्दांचें वजन मोठें असे. नोकरानें तीस-पस्तीस वर्षें इमानानें काम करावें आणि पुढील काळजी सरकारनें वाहावी, असा तो करार होता. केंद्र सरकारच्या नोकरींत १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र सरकारच्या नोकरींत १ नोव्हेंबर २००५ पासून जे दाखल झाले, त्यांच्यापुरता तो करार बदलला. त्यांच्या वेतनांतून दरमहा वर्गणी कापली जाऊं लागली, सरकार आपला वाटा घालूं लागलें आणि ती रक्कम बाजारांत गुंतविली जाऊं लागली. मार्च २०२३ मध्यें राज्यांतील कर्मचाऱ्यांनीं संप केला, तो याच प्रश्नावर. पुढें केंद्र सरकारनें १ एप्रिल २०२५ पासून निश्चित निवृत्तिवेतनाचा पर्याय आपल्या कर्मचाऱ्यांपुढें ठेवला.

सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांतून काम करणारांची स्थिति याहून निराळी आहे. १९५२ च्या कायद्यानें त्यांना भविष्यनिर्वाह निधि मिळाला आणि १९९५ सालापासून त्याला निवृत्तिवेतनाची जोड मिळाली. परंतु हें वेतन किती? २०१४ सालीं त्याच्या हिशेबासाठीं पगाराची मर्यादा १५,००० रुपये ठरविण्यांत आली. पगारास सेवेच्या वर्षांनीं गुणावयाचें आणि ७० नें भागावयाचें, असा नियम आहे. सगळी सेवा या मर्यादेनें मोजली आणि वर्षें पुरीं ३५ धरलीं, तरी महिन्यास ७,५०० रुपयांपलीकडे आंकडा जात नाहीं. वीज, औषध आणि किराणा यांतच तो संपून जावयाचा. दुकानदार, वकील, द्राक्षांचा व्यापारी यांना तर तेवढेंही मिळत नाहीं. त्यांचें निवृत्तिवेतन त्यांनींच निर्माण केलें पाहिजे.

तेव्हां जो भार पूर्वीं मालकाच्या खांद्यावर होता, तो आतां पुष्कळसा घरच्या कर्त्या माणसाच्या खांद्यावर आला आहे. तो पेलावयाचा तर दोन साधे हिशेब प्रत्येक घरांत मांडले गेले पाहिजेत.

पहिला हिशेब महागाईचा. भाव दरसाल शेंकडा ६ वाढत गेले, तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षीं ज्या घराला महिन्यास ३०,००० रुपये पुरतात, त्याला सत्तराव्या वर्षीं ६०,००० लागतील आणि ब्याऐंशीव्या वर्षीं १,२०,०००. घरांतील माणसें तींच, भाजी तीच, खोल्याही त्याच. निवृत्तीच्या दिवशीं हातीं आलेली रक्कम मोठी दिसते, याचें कारण ती त्या दिवसाच्या भावानें मोजली जाते. ती खर्च व्हावयाची मात्र पुढील पंचवीस वर्षांच्या भावानें.

दुसरा हिशेब काळाचा. एका गृहस्थानें अठ्ठाविसाव्या वर्षापासून महिन्यास १,००० रुपये बाजूस टाकले आणि दुसऱ्यानें त्रेचाळिसाव्या वर्षापासून २,००० रुपये टाकले, असें समजा. अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत दोघांच्याही खिशांतून ३,६०,००० रुपयेच गेले. व्याज दोघांनाही शेंकडा ७ मिळालें. तरी पहिल्याच्या हातीं सुमारें बारा लाख येतात आणि दुसऱ्याच्या हातीं सुमारें सहा लाख. हा फरक कष्टाचा नव्हे, पगाराचाही नव्हे. पंधरा वर्षांच्या विलंबाचा आहे. तरुणपणीं पगार थोडा असतो म्हणून बचत पुढें ढकलणारांनीं हे दोन आंकडे एकदां शेजारीं शेजारीं लिहून पाहावेत.

परंतु सांठविण्यापेक्षां सांठविलेलें राखणें कठीण असतें. भविष्यनिर्वाह निधीला तीन वाटा फुटतात: घर, मुलाचें शिक्षण आणि मुलीचें लग्न. तिन्ही कार्यें योग्य आहेत, आणि म्हणूनच त्यांना नाहीं म्हणणें जड जातें. यावर उपाय एकच. त्या कार्यांसाठीं निराळें खातें असावें आणि म्हातारपणाच्या खात्याला कोणत्याही मंगल कारणासाठीं हात लागूं नये. १९६८ सालीं सुरू झालेली सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीची योजना पंधरा वर्षांच्या मुदतीची आहे. त्या मुदतीचा जाच अनेकांस वाटतो. वस्तुतः तोच तिचा गुण होय.

याहून मोठा धोका निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षीं असतो. जन्मांत कधीं न पाहिलेली रक्कम एकदम हातीं येते आणि ती दामदुप्पट करून देणाराही त्याच सुमारास दाराशीं येतो. २०१४ सालीं नाशकांतच केबीसी मल्टिट्रेड या कंपनीविरुद्ध ठेवीदारांच्या फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. व्याजाचा दर ऐकून डोळे दिपले, कीं मुद्दलाचा विचार सुटतो. बँकेंतील ठेवीलाही विम्याचें संरक्षण असतें तें ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेंत एका ठेवीदारामागें पांच लाखांपर्यंतच. म्हणून सर्व रक्कम एका ठिकाणीं ठेवूं नये. साठी उलटलेल्यांसाठीं २००४ सालापासून पोस्टांत आणि बँकांत ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना आहे. एप्रिल २०२३ पासून तींत तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवतां येते आणि व्याज दर तीन महिन्यांनीं हातीं येतें.

आणखी एक गोष्ट मराठी घरांत संकोचामुळें राहून जाते. पैशाचे व्यवहार पुरुषाच्या डोक्यांत असतात आणि त्याच्यामागें पत्नीला कोणत्या कपाटांत काय आहे हेंही ठाऊक नसतें. खात्यांवर तिचें नांव, विम्यावर वारसाची नोंद आणि सर्व कागदांची एक यादी एवढें तरी वेळींच झालें पाहिजे. तसेंच राहतें घर प्रेमाच्या भरांत मुलांच्या नांवें करून टाकूं नये. २००७ च्या कायद्यानें वृद्ध आईबापांना मुलांकडून पोटगी मागण्याचा हक्क दिला आहे. परंतु तो हक्क वापरण्याची पाळी ज्या घरावर येते, त्या घरांत पोटगीपेक्षां अधिक मोलाचें असें कांहीं आधींच हरपलेलें असतें.

मुलें कर्तव्यदक्ष असलीं तरीही ही तरतूद हवीच. ज्या आजोबांच्या हातीं स्वतःचे चार पैसे असतात, ते मुलाच्या घरीं ओझें म्हणून राहत नाहींत. नातवाला स्वखुशीनें खाऊ आणतात आणि औषधाची चिठ्ठी लपवून ठेवीत नाहींत. येत्या पाडव्याला पतिपत्नींनीं एकत्र बसून, किती आहे, किती लागेल आणि कोणाच्या नांवें आहे, या तीन ओळी एका वहींत लिहाव्यात. दरसाल त्याच दिवशीं ती वही पुन्हां उघडावी.