डांगाणाचे वर्ष

(संस्थेच्या वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाह्यरुग्ण, शस्त्रक्रिया व प्रसूती यांची आकडेवारी या सभेत वाचून दाखवण्याची आपली प्रथा आहे. यंदा ती अहवालाच्या पुढील पानांवर तपशीलवार छापली असल्याने येथे पुन्हा वाचत नाही. त्याऐवजी देणगीदारांकडून वारंवार विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलण्याची अनुमती आम्ही अध्यक्षांकडे मागितली. डोंगराकडचे रुग्ण इतक्या उशिरा का येतात, आणि आले तरी उपचार अर्धवट टाकून परत का जातात, हा तो प्रश्न. विचारणाऱ्यांच्या मनात कळकळच असते. मात्र 'अज्ञान' या एका शब्दात त्याचे उत्तर देऊन विषय मिटवला जातो, आणि ते आम्हांस मान्य नाही. डांगाणातील माणसाचे वर्ष कसे चालते हे पाहिल्यावाचून त्याच्या आजाराचे वेळापत्रक समजत नाही.

डांगाण म्हणजे अकोले तालुक्याचा पश्चिम भाग. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या कुशीतली ही गावे. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. पलीकडे कडे सरळ कोकणात कोसळतात आणि अलीकडे प्रवरा व मुळा या नद्या उगम पावतात. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाची. घाटघर-रतनवाडीकडे चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो. अकोले ओलांडून पूर्वेला गेले की तोच पाचशेच्या आसपास उतरतो. एकाच तालुक्याच्या दोन टोकांना दोन निराळे ऋतू नांदतात म्हटले तरी चालेल. येथली गुरेसुद्धा या पावसासाठीच घडलेली आहेत. डांगी जातीच्या बैलाचे कातडे तेलकट असते, अंगावर पाणी ठरत नाही, आणि गुडघाभर चिखलात तो दिवसभर उभा राहतो. राजूरला या जनावरांचे प्रदर्शन भरते. आपल्यापैकी ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावे.

डांगाणाचे वर्ष मृगाला सुरू होते. त्याआधी वैशाखाच्या अखेरीस हिरडा, बेहडा, सादडा, उंबर यांच्या झाडांवर काजवे लक्ष लक्ष संख्येने लुकलुकू लागतात. शहरांतून मोटारी भरभरून माणसे ते पाहावयास येतात. गावकऱ्यांच्या लेखी मात्र तो पाऊस जवळ आल्याचा निरोप असतो. तोपर्यंत राब भाजून झालेले असतात. पालापाचोळा, शेणी व माती यांचे थर देऊन भाजलेल्या तुकड्यात भाताचे बी पडते, आणि आषाढात आवणी लागते.

आवणीचे दिवस थोडे असतात. रोप वाढून बसले की त्याला फुटवे नीट येत नाहीत, म्हणून वाफ्यात पाणी आणि हातात रोप असे दोन्ही जुळून आले की अख्खे घर चिखलात उतरते. एकट्या घराच्या मनुष्यबळाने हे काम उरकत नाही. ते सावडीने होते. आज आमच्या खाचरात तुम्ही, उद्या तुमच्या खाचरात आम्ही. सावडीचे देणे पैशांच्या देण्यापेक्षा जड असते, कारण ते वेळेवर न फेडले तर पुढच्या वर्षी आपल्या बांधावर कोणी येत नाही. अशा दिवसांत एखाद्या स्त्रीला तीन दिवस ताप असला, तरी डोक्यावर इरले घेऊन ती आवणीलाच जाते, आणि आवणी उरकल्यावर आमच्याकडे येते. तोवर तापाचा सातवा किंवा आठवा दिवस उजाडलेला असतो. चिखलात उघड्या पायांनी राबणाऱ्याच्या तापात लेप्टोस्पायरोसिसचा संशय आम्हांस धरावाच लागतो, आणि त्यात पहिल्या दिवसांचे मोल फार असते. हे तिला सांगितले तर ती समजून घेते, तथापि घरचा वर्षभराचा भात आणि अंगातला ताप यांची तुलना तिने घर सोडण्यापूर्वीच केलेली असते. तिच्या जागी आपण असतो तर निराळे केले असते असे छातीठोकपणे सांगणे आम्हांस तरी अवघड वाटते.

याच महिन्यांत मण्यारीचा प्रश्न उभा राहतो. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, बाहेर बिळांत पाणी शिरलेले, आणि आत धान्याच्या आशेने आलेले उंदीर. उंदरांमागे व उबेला साप आत येतात. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दंशाची वेदना नगण्य, सूज नाही, रक्त नाही. कित्येकांना जागसुद्धा येत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही. पोटदुखी समजून ओवा दिला जातो, आणि मग श्वास अडू लागतो. प्रतिविष द्यावयाचे ते लवकर, आणि श्वास थांबण्याची चिन्हे दिसताच कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय हाताशी हवी. येथे तासांचा हिशेब असतो; नेमक्या त्याच वेळी ओढ्याला पूर येतो, दरड रस्त्यावर उतरते, आणि चार माणसे बांबूला झोळी बांधून रुग्णाला गाडीरस्त्यापर्यंत आणतात. सोबत बहुधा गावचा भगत असतो. भगतावर पुष्कळ टीका होते आणि तीत तथ्यही आहे. परंतु मण्यारीच्या रुग्णाला झोळीत घालून तातडीने खाली पाठवा, असे सांगणारे भगत आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांचा शब्द आमच्या भित्तिपत्रकांपेक्षा लवकर ऐकला जातो. देणगीदारांना या निमित्ताने एक विनंती. दर हिवाळ्यात आपण मोठ्या मनाने ब्लँकेटे देता. त्यातील काही रक्कम पावसाळ्यापूर्वी मच्छरदाण्यांकडे वळवावी. अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी डासाप्रमाणे मण्यारीलाही बाहेर ठेवते.

श्रावण-भाद्रपद हे टंचाईचे महिने. कणगी रिकामी होते आणि नवे धान्य अजून शेतात असते. कुपोषित बालके आमच्याकडे याच काळात अधिक येतात. अशा वेळी डोंगर जे देतो ते जाणणाऱ्या स्त्रिया घर तगवतात. भारंगी, कुर्डू, टाकळा, करटोली, चाई यांपैकी कोणती भाजी कोवळी असताना खुडावी, कोणती दोनदा उकळून पाणी टाकावे, कोणती बाळंतिणीला चालत नाही, हे ज्ञान आजींकडून नातींकडे आलेले आहे. आमच्या आहारतज्ज्ञ भगिनींनी या भाज्यांची नावे प्रथम रुग्णांच्या आयांकडूनच लिहून घेतली. बियाण्याचेही तसेच आहे. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावरान बियाण्यांची बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काळभातासारखे जुने वाण व वालाचे नाना प्रकार त्यांनी जपले. पोषणाचा कार्यक्रम आखणाऱ्यांनी आधी त्यांच्या अंगणात जावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

आश्विनात नवरात्राला कळसूबाईच्या शिखरावर यात्रा भरते. आपण वसुबारस साजरी करतो त्या तिथीला येथे वाघबारस असते. गुराखी रानातल्या वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, खिरीचा नैवेद्य दाखवतात आणि गुरांना सांभाळून घेण्याची विनवणी करतात. हे रान १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडते. ज्याने आपली गाय उचलण्याची भीती आहे त्यालाच देव मानून त्याच्याशी बोलणी करण्याची ही रीत आम्हांस विलक्षण शहाणी वाटते.

भात कापून, झोडून झाला की गावे ओस पडू लागतात. खरिपानंतर शेताला पाणी नसते, म्हणून कुटुंबे मुलाबाळांसह नारायणगाव, जुन्नर, संगमनेरच्या बाजूला टोमॅटो, कांदा आणि द्राक्षांच्या मजुरीला जातात. क्षयाचा साधा रुग्णदेखील सहा महिने औषधे घेतो. आवणीनंतर निदान झालेल्या रुग्णाचे सहा महिने मजुरीच्या हंगामात जाऊन पोचतात. 'उपचार अर्धवट सोडला' असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो, तो पुष्कळदा औषधे संपल्याचे सांगण्यासाठी कोणत्या दारात जावे हे ठाऊक नसलेला, परक्या गावच्या शेताच्या बांधावर राहणारा माणूस असतो. राष्ट्रीय क्षय कार्यक्रमात नोंदवलेल्या रुग्णाला दुसऱ्या गावीही औषधे मिळू शकतात. अट एवढीच की त्याची नोंद त्याच्याजवळ हवी आणि तो कोठे जाणार हे आम्ही आधी विचारलेले हवे. हा प्रश्न आता आम्ही निदानाच्या दिवशीच विचारतो.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करतो, ती काहींना विषयांतर वाटेल. शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रावर अंगठा उठवताना डोंगराकडची वयस्क माणसे थबकतात. शस्त्रक्रियेला त्यांची हरकत नसते, हरकत कागदाला असते. देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकारी जाचाविरुद्ध आणि इंग्रजी अंमलाविरुद्ध याच डोंगरांत बंड उभारले, आणि १८४८ साली ठाण्याला त्यांना फाशी देण्यात आले. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठला आणि जमीन गेली, ही हकीकत येथे घरोघर सांगितली जाते. या भीतीला इतिहास आहे, असे आम्ही समजतो. म्हणून संमतिपत्र नातेवाइकांपैकी शिकलेल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे, अशी पद्धत आम्ही ठेवली आहे. वेळ थोडा अधिक जातो.

चैत्र-वैशाखात माणसे परततात, कारण बोहाडा असतो. देवादिकांची व राक्षसांची सोंगे, कागदाच्या लगद्याचे रंगीत मुखवटे, संबळ आणि सनई; रात्ररात्र गाव जागते. विशिष्ट सोंग नाचवण्याचा मान विशिष्ट घराण्याकडे चालत येतो. हर्निया असलेला, पण यंदा सोंग घ्यावयाचे असलेला गृहस्थ बोहाड्याआधी शस्त्रक्रिया करून घेणार नाही, हे उघड आहे. बोहाडा झाल्यावर मात्र मृगापर्यंत त्याला विश्रांतीचे काही आठवडे मिळतात, आणि वर्षात एवढेच मिळतात. आपल्या भागातील बहुतेक शस्त्रक्रिया-शिबिरे जानेवारीत भरतात. हवा सुखद असते, पाहुण्यांना सोयीचे पडते. त्या दिवसांत डांगाणातील घरांना कुलपे असतात.

आता थोडे पाण्याविषयी. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांनी खालच्या प्रदेशात ऊस आणला, उसाने सहकारी साखर कारखानदारी आणली, आणि त्या समृद्धीतून शाळा, महाविद्यालये व आपल्यासारख्या संस्था उभ्या राहिल्या. आज समोर बसलेल्या देणगीदारांपैकी अनेकांची शेती या पाण्यावर उभी आहे, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. जलाशयाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर मात्र चैत्र-वैशाखात स्त्रिया हंडे घेऊन झऱ्यापाशी पाळी लावून बसतात. कातळावरचा पाऊस उतरून गेलेला असतो आणि धरणाचे पाणी खाली असते. या स्त्रियांच्या कंबरदुखीवर आम्ही गोळ्या देतो. आपल्या देणगीच्या पावतीवर 'धर्मादाय' असा शब्द असतो. वरच्या गावांच्या बाबतीत तो शब्द वाचताना आमचे मन थोडे अडखळते, कारण देण्या-घेण्याची दिशा तेथे इतकी सरळ नाही.

या सर्वांचा विचार करून विश्वस्त मंडळापुढे आम्ही पुढील मागणी ठेवत आहोत. मागील बाजूच्या नव्या निवाऱ्यातील दोन खोल्या आषाढ ते भाद्रपद या काळात दूरच्या वाड्यांवरील दिवस भरत आलेल्या स्त्रियांसाठी राखाव्यात. सोबत एक नातेवाईक व लहान मूल राहू द्यावे, कारण मूल मागे ठेवून कोणी येणार नाही. स्वयंपाकासाठी चूल द्यावी. शस्त्रक्रिया-शिबिर जानेवारीऐवजी बोहाड्यानंतरच्या पंधरवड्यात घ्यावे, आणि गावोगावच्या बोहाड्याच्या तिथी आधी विचारून मगच दिवस ठरवावा. मे महिन्याच्या उकाड्यात बाहेरचे शल्यचिकित्सक येतील काय, अशी शंका काल एका विश्वस्तांनी व्यक्त केली. ती रास्त आहे. दोघांशी आमचे बोलणे झाले असून त्यांनी होकार दिला आहे. शस्त्रक्रियागृहातील जुने वातानुकूलन यंत्र तेवढे बदलावे लागेल.

सभेनंतरचे भोजन आज राजूरकडच्या भगिनींनी रांधले आहे. नागलीची भाकरी, वालाचे बिरडे आणि वरईचा भात आहे. भाकरी गरम असतानाच घ्यावी, असे त्यांनी आवर्जून सांगितले आहे, म्हणून आम्ही आपला अधिक वेळ घेत नाही.