दंड भरला, व्यसनाचे काय?



आपल्या संमेलनात हा विषय काढणे कित्येकांस प्रशस्त वाटणार नाही, तरीही बोलतो. माझा एक जुना विद्यार्थी मद्यप्राशन करून मोटार चालविल्याबद्दल दोषी ठरला. पत्नीने बांगड्या गहाण ठेवून दंड भरला. त्याच सायंकाळी तो पुन्हा प्याला. मग शिक्षा झाली कोणास?

मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमान्वये शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे हा चालकाचा गुन्हा होय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. उपचाराचे मात्र त्या कलमात नावही नाही. परंतु १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याने, योग्य प्रकरणी, अपराध्यास मद्यवर्जनाच्या अटीवर सोडण्याचा अधिकार न्यायालयास दिला आहे. वकिलास तसे विनवावयाचे कोणाच्या ध्यानी येते? अमेरिकेत तर अशांसाठी निराळी न्यायालये आहेत. तेथे न्यायाधीश कित्येक महिने उपचाराची प्रगती स्वतः पाहतात.

पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. अन्यत्रही केंद्रे आहेत. मद्य एकाएकी तुटले की हात कापतात, क्वचित झटकेही येतात; म्हणून हे काम घरच्या कोंडून ठेवण्याने होत नाही, वैद्य हवा.

त्या मुलास केंद्रात पोचविण्यास त्याच्या सख्ख्या चुलत्यांपैकी एकही निघेना. कारण काय, तर धाकटीचे लग्न ठरावयाचे होते! अखेर मीच त्यास एस.टी.ने घेऊन गेलो. ते चुलते आज समोर बसले आहेत.