राज्य मिळाले, वचनांचे काय?

(महाराष्ट्र दिनानिमित्त रे रोड येथील कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



गोदीत आणि गोदामांत घाम गाळणाऱ्या आपणांसमोर महाराष्ट्राच्या जन्माची कथा सांगताना मी आरंभ करणार आहे तो आंध्रपासून. भाषावार राज्याच्या मागणीपुढे दिल्लीला प्रथम नमावे लागले ते तेथे. आणि एका भाषेचे राज्यही का दुभंगते, याचा धडाही तेथेच मिळाला.

काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार उभारण्याचे ठरविले. सामान्य माणसाशी त्याच्या भाषेत बोलल्यावाचून चळवळ खेड्यात पोहोचणार नाही, हे तिने जाणले होते. स्वातंत्र्य मिळताच मात्र तेच तत्त्व धोक्याचे वाटू लागले. १९४८ साली नेमलेल्या दार आयोगाने ते नाकारले. मद्रास राज्यातील तेलुगू भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी पोट्टि श्रीरामुलु यांनी १९ ऑक्टोबर १९५२ रोजी उपोषण आरंभिले आणि १५ डिसेंबरला प्राण ठेविला. लोकक्षोभ उसळला, तेव्हा कोठे नेहरूंनी मागणी मान्य केली. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य जन्मास आले.

आपल्याकडे १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. (ते बेळगाव आजही महाराष्ट्राबाहेरच आहे.) परंतु ठरावाने राज्य होत नसते. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भ वेगळा ठेवून गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य सुचविले, तेव्हा मुंबईचा कामगार रस्त्यावर उतरला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि १५ माणसे बळी पडली. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या चालल्या. शंभरावर माणसांनी प्राण दिले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे यांच्यासारखी परस्परांशी न पटणारी माणसे तिच्या झेंड्याखाली एकत्र आली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने सत्ताधाऱ्यांना झिडकारले. तिकडे गुजरातेतही इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ पेटली होती. अखेर १ मे १९६० रोजी दोन्ही राज्ये वेगळी झाली.

कामगार केवळ भाषेसाठी मेला काय? कचेरीत, न्यायालयात, पोलीस चौकीत त्याचे म्हणणे त्याच्या बोलीत ऐकले जावे, हे त्याला हवेच होते. पण आपण उभारलेल्या मुंबईच्या संपत्तीवर ज्या गावाकडून आपण आलो त्या गावाचाही हक्क असावा, हेही त्याला हवे होते.

राज्याच्या एकीची खरी कसोटी येथे लागते. हैदराबाद राज्याचा तेलुगू भाग आंध्रात विलीन होण्यापूर्वी, २० फेब्रुवारी १९५६ रोजी, दोन्हीकडील पुढाऱ्यांनी करार केला. तेलंगणाचा शिलकी महसूल तेलंगणातच खर्च व्हावा आणि नोकऱ्यांत स्थानिकांना संरक्षण मिळावे, असे त्यात ठरले होते. वचने पाळली गेली नाहीत, अशी तेलंगणाची तक्रार होती. १९६९ साली तेथे आंदोलन पेटले आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे राज्य झाले. भाषा एकच होती. विश्वास उरला नव्हता. आपल्या गिरणगावात मागावर राबणारे पुष्कळ पद्मशाली विणकर त्याच तेलंगणातून आले होते. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे त्यांना जसे ठाऊक होते तसे येथल्या कोकणी माणसालाही ठाऊक होते.

आपल्याकडेही असाच करार आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे आदींनी सह्या केल्या. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व नोकऱ्या, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष आणि वर्षातून एकदा नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन, अशी त्याची कलमे. अधिवेशन भरते, ते भरविणे सोपे आहे. पण वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, तो ३,१८६ कोटींहून अधिक निघाला. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखालील विकास मंडळे स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदतवाढ न मिळता त्यांची मुदत संपली.

कोणी म्हणेल, हा विदर्भ-मराठवाड्याचा प्रश्न. त्याचा रे रोडशी संबंध काय? संबंध हाच, की ज्या जिल्ह्यात पाणी आणि रोजगार नाही, तेथला तरुण येथे येतो आणि मिळेल त्या मजुरीवर राबतो. प्रदेशाचे मागासलेपण हे स्वस्त मजुरांचे कोठार असते. त्यामुळे त्याचा अनुशेष तुमच्याही पगारातून वसूल होतो.

म्हणून हुतात्म्यांना हार घालून आपले कर्तव्य संपत नाही. राज्याचा पैसा कोणत्या जिल्ह्यात किती गेला, याचा हिशेब दरवर्षी जाहीरपणे मागितला पाहिजे, आणि तो मागणाऱ्यांत मुंबईचा कामगार पहिला असला पाहिजे. ज्याने महाराष्ट्र एक करण्यासाठी रक्त सांडले, तो एक राखण्याची जबाबदारीही त्यालाच पेलावी लागेल.