पंजा म्हसळ्यात, खरेदी दुबईत

लहान मुलासाठी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर, म्हणजे घराघरांत ज्याला नुसते ‘रिमोट’ म्हणतात ते हातात धरायचे साधन, निवडताना खोक्यावर छापलेल्या वयाचा फारसा उपयोग होत नाही, कारण एकाच वयाच्या दोन मुलांच्या पंजांत बोटभर फरक सहज असतो. म्हसळ्यात ही अडचण दुणावते. एके काळी जंजिरा संस्थानाचा एक महाल असलेल्या या भागातील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे आखाती देशांत नोकरी करत असल्याने अशी वस्तू पुष्कळदा वडिलांच्या किंवा काकांच्या बॅगेतून येते, आणि मोठी निघाली तर ती बदलून आणायची सोय उरत नाही.

पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. जपानात 1983 साली आलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’च्या ज्या नकला महाराष्ट्रात नव्वदीच्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या गेल्या, त्यांचा कंट्रोलर चपटा आणि आयताकृती असे, व त्यावरचे सारे काम दोन अंगठ्यांनी भागत असल्याने पहिलीतले मूलही तो आरामात हाताळी. 1997 च्या ड्युअलशॉक या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरपासून मात्र दोन मुठी, अंगठ्याने फिरवायच्या दोन दांड्या आणि मागच्या काठावर तर्जनीसाठी बटणे अशी मांडणी रूढ झाली, आणि एकाच वेळी धरणे व दाबणे ही दोन्ही कामे पंजावर येऊन पडली. मोठ्यांचेही हाल झालेच: मायक्रोसॉफ्टने 2001 साली अमेरिकेत आणलेल्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर इतका ऐसपैस होता की जपानसाठी 2002 मध्ये लहान कंट्रोलर काढावा लागला, आणि पुढे इतर देशांतही तोच दिला जाऊ लागला.

क्रिकेटच्या बॅटीला मुलाच्या उंचीप्रमाणे क्रमांक असतात, तसे कंट्रोलरला नसतात. म्हणून येथे जुनी देशी रीतच बरी, जिच्यात मापे शरीरावरूनच घेतली जातात. ताणलेला अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांमधले अंतर म्हणजे टीच. उरलेल्या तीन बोटांनी मूठ धरलेली असताना तर्जनी मागच्या चापावर, म्हणजे बंदुकीच्या घोड्यासारख्या बटणावर, ठेवून त्याच हाताचा अंगठा तळवा न सरकवता दांडीच्या मध्यावर पोचला, तर तो कंट्रोलर त्या टिचेत बसला असे समजावे. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर दोन्ही दांड्या खाली, मध्याकडे असतात. एक्सबॉक्सवर डावी दांडी वर, अंगठा आपसूक पडतो तेथे असते, त्यामुळे आखूड अंगठ्याला निदान डावीकडे तरी ती सोयीची पडते. वजनाचाही विचार हवा, कारण प्लेस्टेशन 5 चा कंट्रोलर सुमारे 280 ग्रॅमचा, तर त्याआधीचा सुमारे 210 ग्रॅमचा आहे. निन्टेंडो स्विचचा सुटा जॉय-कॉन जेमतेम 50 ग्रॅमचा असला, तरी तो आडवा धरल्यावर काठावरची बटणे इतकी बारीक होतात की लहान बोटेही चुकतात. लहान ते सगळेच लहान हातासाठी नसते.

मूल कंट्रोलर मांडीवर टेकवून खेळू लागले किंवा चाप दाबायला दर वेळी मूठ सोडू लागले, तर माप चुकले आहे. अशा वेळी आजच्या बहुतेक यंत्रांतल्या सेटिंगमधून चापाचे काम जवळच्या बटणाकडे देता येते.

दूरच्या खरेदीसाठी मुलाचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढावी आणि शेजारी बाद झालेले एटीएम कार्ड ठेवून छायाचित्र पाठवावे. चालू कार्ड ठेवण्याचा मोह टाळावा हे उघडच आहे. ही कार्डे जगभर 85.6 मिलिमीटर लांबीची असल्याने दुबईतल्या दुकानात उभ्या असलेल्या काकांनी छायाचित्रातले कार्ड आपल्या खिशातल्या कार्डाएवढे होईपर्यंत पडद्यावर मोठे करावे, आणि मग प्रत्यक्ष मापात दिसणाऱ्या त्या पंजाचा अंगठा, भाग भाग सरकवत का होईना, समोरच्या कंट्रोलरशी ताडून पाहावा.