सद्भावनेला सावधतेची जोड
(आंजर्ले येथे रुग्णालयाच्या वार्षिक सभेत व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



संस्थेचा जमाखर्च व ताळेबंद आपल्या हाती छापील स्वरूपात दिलेला आहे. तो पुन्हा वाचून दाखविण्यात आपला वेळ न घालवता, कोणत्याही खतावणीत न चढणाऱ्या एका विषयाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. संकटात सापडलेल्याला मदत करताना सर्वसामान्य माणसाच्या मनात उभी राहणारी कायद्याची भीती, हा तो विषय होय.

गणेशोत्सवात आणि मे महिन्याच्या सुटीत मुंबई-पुण्याची, तसेच परदेशी स्थायिक झालेली कुटुंबे आंजर्ल्यास घरी येतात. कड्यावरच्या गणपतीचे दर्शन आणि समुद्रकिनारा यांसाठी येणारे पर्यटक घरगुती निवासांत उतरतात. यांपैकी काही मुलांना शेंगदाणा, काजू अथवा कोळंबीची तीव्र ॲलर्जी असते आणि त्यांच्या सामानात ॲड्रेनॅलीनचे पेनसारखे तयार इंजेक्शन असते. अशाच एका नातीच्या आजींनी आम्हांस विचारले, "तिचे आईवडील बाहेर गेलेले असताना काही झाले आणि मी ते टोचले, तर पुढे पोलीस मलाच धरतील का हो?" घरगुती निवास चालविणाऱ्यांनीही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत केला आहे. त्याचे उत्तर देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. विशिष्ट अन्न, औषध, मधमाशी वा गांधीलमाशीचा दंश यांमुळे काही व्यक्तींच्या अंगावर गांधी उठतात, ओठ व घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब घसरतो आणि शुद्ध हरपते. यास ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. यावरील पहिले औषध म्हणजे मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलीन. खाज शमविणाऱ्या गोळीने खाज थांबेल, परंतु कोंडलेला श्वास मोकळा होणार नाही. ब्रिटनमधील अशा मृत्यूंचा डॉ. पम्फ्री यांनी केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात अन्नाच्या ॲलर्जीत श्वास वा हृदय बंद पडण्यास साधारण ३० मिनिटे, कीटकदंशात १५ मिनिटे, तर टोचलेल्या औषधांसारख्या उपचारजन्य प्रसंगी अवघी ५ मिनिटे लागल्याचे आढळले. आपल्या वळणावळणांच्या रस्त्यांचा विचार करता, पहिली मदत जवळच्याच माणसाने करावी लागणार, हे उघड आहे.

आता कायद्याकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात, जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ नयेत, असे स्पष्ट केले. जखमीला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्र शासनाने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यानुसार अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. २०२० च्या नियमांनी मदतनीसाच्या हक्कांची सनद रुग्णालयांत लावणे आवश्यक केले.

परंतु येथे एक मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी. हे संरक्षण मोटार अपघातापुरते आहे. मुंबई-गोवा महामार्गावर जखमीला उचलणाऱ्यास ते मिळते. लग्नाच्या पंगतीत काजू खाऊन कोसळलेल्या पाहुण्यास इंजेक्शन देणाऱ्यास ते लागू होत नाही.

मग त्याला आधार कशाचा? आधार आहे, आणि तो जुना आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील सद्भावनेची कलमे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कायम राहिली आहेत. सज्ञान रुग्ण शुद्धीवर असेल, तर त्याची संमती घेऊन त्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीस कलम २६ चा आधार आहे. १२ वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकांच्या संमतीने केलेल्या कृतीस कलम २७ लागू होते. रुग्ण बेशुद्ध असेल आणि संमती देणारे वेळेत भेटणे शक्य नसेल, तर कलम ३० आहे. जुन्या संहितेत याच तरतुदीखाली वाघाने पळवून नेलेल्या माणसाचे उदाहरण होते. त्याला वाचविण्यासाठी वाघावर झाडलेली गोळी चुकून त्यालाच लागली, तरी सद्भावनेने गोळी झाडणारा गुन्हेगार ठरत नाही.

म्हणून आजींना आम्ही असे सांगितले. नात नऊ वर्षांची आहे, इंजेक्शन तिच्याच नावे डॉक्टरांनी लिहून दिलेले आहे, आणि ते केव्हा द्यावे हे आईवडिलांनी लेखी कळविले आहे. एवढे असताना भिण्याचे कारण नाही. उलट ते हाती असून न देणे हाच मोठा धोका आहे.

मात्र 'सद्भावना' या शब्दाचा कायद्यातील अर्थ केवळ चांगला हेतू असा नाही. योग्य सावधगिरी व लक्ष यांविना केलेली कृती सद्भावनेची मानली जात नाही. याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. गांधीलमाशीच्या दंशाने ॲलर्जी झाल्यास ॲड्रेनॅलीन जीव वाचविते. तांबड्या विंचवाच्या विषाने मात्र शरीरात तशाच द्रव्यांचा अतिरेक झालेला असतो. त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रॅझोसिन हे निराळेच औषध प्रचारात आणले. अशा विंचूदंशावर कोणी ऐकीव माहितीने ॲड्रेनॅलीन टोचले, तर अपाय होऊ शकेल. दुसऱ्याची कुपी उघडून अंदाजाने मात्रा भरणे, हेही सामान्य माणसाचे काम नव्हे.

शिवाय ही कलमे फौजदारी स्वरूपाची आहेत. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याबाबत, रस्ते अपघातासाठी आहे तसे स्पष्ट केंद्रीय कलम ॲलर्जीच्या प्रसंगासाठी नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात २००३ साली सब्रीना शॅनन ही शाळकरी मुलगी ॲलर्जीने दगावली. त्यानंतर झालेला व २००६ पासून अमलात आलेला 'सब्रीनाचा कायदा' शाळेतील कर्मचाऱ्यास असे इंजेक्शन देण्याची मुभा देतो आणि सद्भावनेच्या कृतीबद्दल भरपाईच्या दाव्यापासून त्याचे रक्षण करतो. ब्रिटनच्या २०१२ च्या औषध नियमावलीनुसार जीव वाचविण्यासाठी ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शन कोणालाही देता येते. अशी निःसंदिग्ध तरतूद आपल्याकडेही व्हावी, ही मागणी शासनाकडे मांडण्याची अनुमती विश्वस्त मंडळाने द्यावी, अशी आमची विनंती आहे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. मराठीतील एक साधे कार्ड आम्ही योजिले आहे. त्यावर रुग्णाची ॲलर्जी, औषधाची मात्रा, डॉक्टरांची सही आणि पालकांची संमती असेल. शिक्षक, घरगुती निवासांचे चालक आणि मंडळांचे कार्यकर्ते यांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण देण्याचा मानस आहे. त्यात लक्षणे ओळखणे, रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवणे, धाप लागत असल्यास बसू देणे, उठवून चालविण्याचे टाळणे, १०८ क्रमांकावर कळविणे आणि रुग्णाचे स्वतःचेच इंजेक्शन देणे हे शिकविले जाईल. बरे वाटल्यावरही रुग्णाला दवाखान्यात आणलेच पाहिजे, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उद्भवू शकतो.

तातडीच्या रुग्णास तत्काळ दाखल करून घेणे, आणि तो निर्धन वा दुर्बल घटकातील असल्यास अनामत रकमेसाठी न अडविणे, हे तर उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांवर बंधनकारकच आहे. त्यात आम्ही आपल्या वतीने एक भर घालीत आहोत: ॲलर्जीच्या रुग्णास आणणाऱ्यास येथे प्रथम पाणी विचारले जाईल, नाव-पत्ता सांगावा की नाही, हे त्याच्या इच्छेवर राहील.

ॲड्रेनॅलीनची साधी कुपी स्वस्त असते. कार्डे छापणे आणि प्रशिक्षण यांसच खरा खर्च आहे. देणगीदारांनी या कार्यास हातभार लावावा, आणि आप्तेष्टांनी आपल्या घरातील रुग्णाचे कार्ड आजच भरून न्यावे, ही नम्र विनंती.